दाभणचा दुसरा दिवस

गादीच्या कारखान्यात कामाच्या वेळेला आडवं होणं हा कामचुकारपणा नसतो, ते कामच असतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. गादी भरून झाली, कडा शिवून झाल्या, बटणं ओढून बसवली, की कुणीतरी तिच्यावर उताणं पडायचं, एकदा या कुशीला वळायचं, एकदा त्या, आणि आत कापसाची गाठ राहिली असेल तर बोट ठेवून दाखवायची. हाताला लागत नाही ती गाठ पाठीला लागते. त्या कारखान्यात हे काम एकाच बाईकडे होतं आणि तिला सगळे दाभण म्हणायचे.

पोती शिवायची ती जाड, लांब सुई असते ना, तीच दाभण. बाई होतीच तशी. उंच, सडसडीत, ताठ, आणि बोलणं समोरच्याच्या आरपार जाणारं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण नवरासुद्धा चारचौघांत 'आमची दाभण' म्हणायचा आणि ती रागवायची नाही, उलट मान जरा वर करायची. दुहेरी दोरा ओवलेली हातभर सुई गादीच्या या अंगानं घालून त्या अंगानं काढायची, गुडघा रोवून दोरा खेचायचा आणि बटण पक्कं बसवायचं, हे भल्याभल्यांचा घाम काढणारं काम ती गप्पा मारता मारता करायची. घरी जाऊन वर स्वयंपाक, धुणं, लेकीचा अभ्यास. दमणं म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, आणि जे आपल्याला माहीत नाही ते नसतंच, असं मानणाऱ्यांपैकी ती होती.

कापूस पिंजायच्या यंत्रावर एक मावशी होत्या. वयानं फार नव्हत्या, पण एका मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून सारख्या खाली बसायच्या. म्हणायच्या, अंगातलं कुणीतरी काढून घेतलंय गं, झोपून उठले की जास्तच दमल्यासारखं होतं. दाभणनं ते वाक्य उचललं. डोळे अर्धे मिटून, खांदे पाडून, ती यंत्रापर्यंत पाय ओढत चालून दाखवायची आणि सगळा कारखाना पोट धरून हसायचा. मावशीही हसायच्या, दुसरं काय करणार. थकवा हा रोग नसतो मावशी, सवय असते, असं दाभण त्यांना तोंडावर सांगायची. पुढे मालकानं मावशींना घरी बसवलं. त्या कुठे राहतात, कशा आहेत, जगल्या की गेल्या, हे कुणी विचारलं नाही. दाभणनंही नाही.

मग एका वर्षी साथीचा ताप आला. घरोघरी आला, माणसं आठवडाभर कण्हली आणि उठून कामाला लागली. दाभण सगळ्यांच्या आधी उठली. ताप अंगात असतानाच ती कामावर आली आणि आपण तापालाही कामाला लावलं असं सांगत फिरली. घसा मात्र बरा होईना. मानेत दोन्हीकडे गाठी आल्या होत्या, त्या बसेनात. तिनं लक्ष दिलं नाही, गादीतल्या गाठी बघायच्या की स्वतःच्या, म्हणाली.

एके दिवशी दुपारी दुहेरी पलंगाची एक मोठी गादी तयार झाली आणि ती तिच्यावर पडली. डाव्या कुशीला वळली, उजव्या कुशीला वळली, परत उताणी झाली. डाव्या खांद्याखाली गाठ होती. तसं सांगायला तिनं तोंड उघडलं तर आवाज आला नाही. हात उचलायला गेली तर हात तिथेच. शुद्ध गेली नव्हती, सगळं दिसत होतं, छताचा पंखा, पंख्यावरची जळमटं. सगळं ऐकूही येत होतं. फक्त उठवत नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात बाई अशी पडलेली दिसली असती तर चार माणसं धावली असती, तोंडावर पाणी मारलं असतं. इथे लोक तिच्या भोवतीनं दोरे कापत राहिले. कुणीतरी म्हणालं, आज दाभणला गाठ सापडत नाहीये. चहाची सुट्टी झाली, संपली. मालक आला आणि म्हणाला, गादी विकायची आहे, राणीसाहेब, अंडी उबवायची नाहीत. त्यावर सगळे मनापासून हसले. मघापासून तिच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात चाललं होतं, ते कात्रीवालीला दिसलं तेव्हा कुठे तिला उचललं.

राणीसाहेब हे नाव मात्र चिकटलं. त्यानंतर ती जमेल तशी येत राहिली, एक दिवस यायची, चार दिवस पडायची. शेवटी मालकानं दुसरी पाठ बघितली. अशा पाठी रग्गड मिळतात.

घरात माणसं मोजकी. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. स्वभावानं गरीब, म्हणजे शेवटी जो बोलेल त्याचं खरं मानणारा. एक लेक, शाळेत धावण्यात पुढे, जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरणारी, आईच्या काळजाचा तुकडा. आणि वरच्या मजल्यावर नणंद. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची. इमारतीतले लोक डॉक्टरकडे जाण्याआधी तिला विचारायचे आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. बाई दुष्ट नव्हती हो. भावाचा संसार विस्कटतोय म्हणून तिचा जीव तुटायचा, आणि तो सगळा राग ती वहिनीवर काढायची.

नणंदेनं स्वतः, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वहिनीचं रक्त काढलं. एकदा नाही, कितीदा तरी. हिमोग्लोबिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, साखर नॉर्मल, लिव्हर, किडनी, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरनं शक्तीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं रोज सकाळी भराभर चालायला सांगितलं, तिसऱ्यानं तिला बाहेर बसवून नवऱ्याला विचारलं की घरात काही ताण आहे का. चालायला सांगितलं म्हणून ती चालली, आणि पुढचा आठवडाभर संडासापर्यंतसुद्धा भिंत धरून गेली. नॉर्मल हा शब्द शिवीसारखा कसा वापरायचा ते त्या घरात शिकून घ्यावं. ऊठ की, नॉर्मल आहेस. भांडी तशीच पडली आहेत, नॉर्मल बाई. नणंदेचं गणित सरळ होतं. रक्तात नाही म्हणजे मनात आहे, आणि मनात आहे म्हणजे नाहीच.

या दुखण्याची एक खोड होती आणि ती दाभणनं एकटीनंच ओळखली होती. ते त्याच दिवशी कधी यायचं नाही. आज केस धुतले तर आज काही नाही. उद्या घसा धरणार, मानेतल्या गाठी वर येणार, अंगात कणकण भरणार, हाडांत ओला कापूस कोंबल्यासारखं होणार आणि डोळ्यांना उजेड सोसणार नाही. काल जे केलं ते आज भोगायचं. म्हणून तिचा पहिला दिवस सगळ्यांना दिसायचा आणि दुसरा कुणालाच नाही, कारण तेव्हा नवरा गाडीवर, नणंद लॅबमध्ये आणि लेक शाळेत.

शाळेत लेकीला धावण्याचं बक्षीस मिळणार होतं. त्यासाठी दाभण कितीतरी दिवस आधीपासून निपचित पडून राहिली, बोलायचीसुद्धा जेवढ्यास तेवढं. त्या दिवशी ती गेली, खुर्चीवर ताठ बसली, टाळ्या वाजवल्या, लेकीच्या बाईंची चेष्टासुद्धा केली. लेक तर हवेतच होती. नणंद शेजारी बसून सगळं बघत होती. घरी येताना ती भावाला म्हणाली, मिरवायला बरोबर ताकद येते, भांड्यांच्या वेळेलाच ती कुठे जाते कोण जाणे. त्यानंतर दाभण अंधार करून पडली होती तेव्हा तिला पाणी द्यायलाही घरात कुणी नव्हतं.

लेक मात्र तिची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आईचे पाय दाबायची, खिडकीला जाड चादर लावायची, आत्या काही बोलली की तिच्या पाठीमागे तोंड वेंगाडायची. सगळ्या जगानं नाटकी म्हटलं तरी चालेल, ही एक पोर म्हणत नाही ना, एवढ्यावर दाभण तग धरून होती. तिला दुसरं काही नको होतं. आणि नेमकं तेच नणंदेच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

पोरगी आईच्या नादानं आळशी होईल, तिला खरं काय ते दिसलं पाहिजे, असं नणंदेनं भावाच्या डोक्यात भरवलं. बेत साधा होता. सुट्टीच्या दिवशी तिघांनी बाहेर जातो म्हणून निघायचं, दार लावायचं आणि जिन्यातच थांबायचं. स्वयंपाकघराची एक लहान खिडकी जिन्यात उघडायची. तिथे लेकीला चपला काढून उभं केलं, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. आईची गंमत करू, असं तिला सांगितलं होतं.

आत दाभणला वाटलं, घर रिकामं आहे, अंगही आज जरा हलकं आहे, तर पोरीचा बूट शिवून टाकावा. लेकीच्या धावायच्या बुटाचा तळ सुटत आला होता. जाड सुई आणि मेणाचा दोरा वरच्या फळीवर, डब्यात. दाराची चौकट धरून ती स्वयंपाकघरात आली, थांबली, दम घेतला, आणि स्टुलावर चढली. डबा काढला, खाली बसली, बूट मांडीवर घेतला आणि जुन्या सवयीनं गुडघा रोवून दोरा खेचला. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदा हातात सुई आली होती. तिला इतकं बरं वाटलं की ती स्वतःशी गुणगुणायला लागली. तेवढ्यात कुलूप उघडलं.

नणंद ओरडली नाही. ओरडायची गरजच नव्हती. तिनं नुसतं लेकीला पुढे केलं.

"आई, तू स्टुलावर चढलीस," लेक म्हणाली. "मी बघितलं."

दाभणनं बूट वर धरून दाखवला. उद्या बघ, उद्या मला उठता येणार नाही, असं काहीबाही सांगत राहिली. चोर पकडला की उद्याच्याच गोष्टी करणार, असं नणंद म्हणाली. नवरा खिशातल्या किल्ल्या चाळवत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दाभणला खरोखर मान उचलवेना, पण आता ते सगळ्यांना रुसून बसणं वाटलं. लेक तो शिवलेला बूट घालून शाळेत गेली. त्यानंतर ती आईचे पाय दाबायला कधी बसली नाही.

इथून दाभणचा धीर सुटला. कारखाना गेला, नाव गेलं, ते तिनं गिळलं होतं. पण पोरीनं पाठ फिरवली हे तिला गिळता येईना. कुणीतरी, कुठेतरी, या अंगातलं दुखणं बाहेर काढून टेबलावर ठेवावं आणि पोरीला म्हणावं की हे बघ, एवढाच तिला ध्यास लागला.

नवऱ्यानं जन्मात एक काम स्वतःच्या डोक्यानं केलं ते हे. मोठ्या इस्पितळाच्या कँटीनमध्ये तो पावाचे ट्रे उतरवायचा, तिथे भिंतीवर सूचना होती की ज्यांचा थकवा जात नाही आणि तपासण्यांत काही निघत नाही, अशी माणसं एका संशोधनाला हवी आहेत. तो तिला घेऊन गेला. तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि तिनं दाभणचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. दुसरा दिवस म्हटल्यावर ती हसली नाही, उलट मान हलवून म्हणाली की हे सगळेच सांगतात. नेहमीच्या तपासण्यांत जे बघतात तिथे काही नसतंच, ती बघत होती रक्तातल्या लढणाऱ्या पेशी. ताप येतो तेव्हा त्या कामाला लागतात, ताप गेला की शांत व्हायला हव्यात. काही जणांत काहीतरी बिनसतं.

"म्हणजे चोर गेला, आणि पहारेकरी अजून घरच्यांनाच बडवतोय," दाभण म्हणाली. आजारपणातही जीभ शाबूत होती.

डॉक्टरीण म्हणाली, तसं असेल. किंवा बडवून बडवून तो इतका थकला असेल की खरा चोर आला तरी काठी उचलत नसेल. दोन्ही थोडंथोडं दिसतं, नक्की काय ते आम्हालाही अजून माहीत नाही. मग तिनं पद्धत सांगितली. आधी रक्त घ्यायचं, मग तोंडाला श्वास मोजणारा मास्क लावून एका जागी उभ्या सायकलवर अंगातला सगळा दम संपेपर्यंत पायडल मारायचं, पुन्हा रक्त. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच सगळं, कारण जो फरक दिसायचा तो दुसऱ्या दिवशीच दिसतो. नवरा गाडी काढायला गेल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली आणि स्वच्छ सांगितलं की यानं तुमची तब्येत आणखी खाली जाईल. बहुतेक जण हळूहळू परत पूर्वीच्या जागी येतात. काही जण येत नाहीत.

दाभणनं एकच विचारलं, लेकीला दाखवता येईल ना. डॉक्टरीण म्हणाली, काहीतरी दिसेल अशी आशा आहे. दाभणनं त्यातलं दिसेल तेवढं घेतलं आणि आशा तिथेच टाकून दिली. तब्येत खाली जाण्याबद्दल घरी चकार शब्द काढला नाही.

पहिल्या दिवशी तिनं हट्टानं लेकीला आणि नणंदेला बरोबर नेलं. लेकीनं बघायलाच हवं होतं. आणि सायकलवर बसल्यावर काय झालं म्हणून सांगू, बाई कारखान्यातल्यासारखी ताठ झाली. पाठ सरळ, मान सरळ, पाय असे फिरत होते की बघणाऱ्याला वाटावं ही रोज चालवते. पोरगी समोर उभी होती ना, आईला त्याचाही जोर चढला. डॉक्टरीण थांबा म्हणेपर्यंत ती थांबली नाही. लेक टाळ्या वाजवत पुढे आली आणि म्हणाली, आई, तू तर किती भारी चालवलीस. पोरीचा चेहरा आनंदानं फुलला होता. नणंद फक्त एवढंच म्हणाली की हो ना, छान चालवली. त्या क्षणी दाभणच्या लक्षात आलं की आपण पुन्हा त्यांना पहिलाच दिवस दाखवला आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीचा धावण्याचा सराव होता आणि नणंदेची रजा संपली होती. नवऱ्यानं इस्पितळाच्या दारात सोडलं आणि तो फेरीवर गेला. दोन बायकांनी धरून तिला सायकलवर बसवलं. कालच्या निम्म्यावर पाय थांबले. ती अजून, अजून म्हणत होती, आणि पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे लोंबत होते. डॉक्टरणीनं यंत्र बंद केलं आणि तिला कोचावर निजवलं. कोचावर पातळशी गादी होती.

"हिच्यात गाठ आहे," दाभण म्हणाली. "डाव्या खांद्याखाली."

त्यानंतर तिच्या तोंडून पुरं वाक्य कुणी फार काळ ऐकलं नाही. ती खाली गेली ती गेलीच. खोलीला अंधार, कानात कापसाचे बोळे, भांडं वाजलं तरी अंगावर काटा. नवरा चमच्यानं पातळ भरवायचा, अंग पुसायचा, कूस बदलायचा. ज्या पाठीवर कारखाना चालत होता ती पाठ आता सोलून निघाली. नणंद दाराशी येऊन बघायची आणि म्हणायची, सायकल चालवता येते आणि चमचा धरता येत नाही, हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं नाही बाई.

बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरीण स्वतः घरी आली. आपल्यामुळे काय झालं ते तिला दारातूनच दिसलं. मग तिनं सांगितलं की फरक सापडला आहे. या आजाराच्या माणसांच्या लढणाऱ्या पेशी सायकलनंतरच्या दिवशी धडधाकट माणसांपेक्षा वेगळ्या वागतात. दार उघडं होतं, आत अंधारात दाभणनं कानातला एक बोळा काढला.

"हिला आहे की नाही, तेवढंच सांगा," नवरा म्हणाला.

"सगळ्यांचं एकत्र मांडलं की फरक दिसतो," डॉक्टरीण म्हणाली. "एकेकाच्या रक्तावरून सांगता येत नाही. अजून तरी नाही."

नणंदेनं विचारलं, म्हणजे हिच्या रक्तात आहे असं तुम्ही म्हणत नाही. डॉक्टरीण म्हणाली, तसं म्हणता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी यांचा दम निम्म्यावर आला होता, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. मुद्दाम कमी चालवली असेल, नणंद म्हणाली. श्वासाचं सोंग करणं सोपं नसतं, डॉक्टरीण म्हणाली. सोपं नसतं म्हणजे अशक्य नसतं ना, असं नणंदेनं विचारलं, आणि डॉक्टरीण उत्तर द्यायला क्षणभर थांबली. खोटं बोलायची सवय असती तर नसती थांबली. माझा यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, असं ती नंतर म्हणाली, पण विश्वासाला कोण विचारतो. लेक हातात बूट घेऊन दारात ऐकत उभी होती. तिनं ते तिथेच खाली बसून घातले आणि सरावाला निघून गेली. दाभणनं बोळा परत कानात घातला.

आणि मग पुन्हा ताप आला. या वेळी शाळाशाळांतून फिरला. लेक पडली, उठली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त अंधारात पडलेल्या बाईला जिना ऐकू येत होता. दोन-दोन पायऱ्या गाळत जाणारी पावलं आता एकेक पायरी उतरत होती. लेक बुटाची नाडी बांधायला बसली की पुष्कळ वेळ तशीच बसून राहायची, सारखी घसा खाकरायची. एकदा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"आत्या, झोपून उठले ना, की जास्तच दमल्यासारखं होतं गं."

दाभणला कापूस पिंजायच्या यंत्रापाशी पाय ओढत चालणारी, डोळे अर्धे मिटलेली स्वतःच दिसली. तिनं हाक मारायचा प्रयत्न केला, पण हाक दारापर्यंतसुद्धा पोचली नाही.

आत्यानं त्याच टेबलावर लेकीच्या दंडाला पट्टा बांधला. हात प्रेमाचाच होता, पोरीला सुई कळलीसुद्धा नाही. सगळं नॉर्मल आलं. आत्यानं तिला जवळ घेतलं, पापे घेतले, म्हणाली, बघ, काहीसुद्धा नाही, आईला बघून बघून मनानं घेतलंस तू. शाळेच्या धावण्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. पळाली की अंग मोकळं होईल, असं ठरलं. नवराही हो म्हणाला, शेवटी नणंदच बोलली होती.

त्या सकाळसाठी दाभणनं आवाज साठवला. आदल्या दिवशी पाणीसुद्धा मागितलं नाही, कूस बदलताना हुं केलं नाही. निघताना लेक खोलीच्या दारात आली. चौकटीला आईच्या हातानं जिथे रंग उडाला होता, तिथेच धरून ती उभी होती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

"आज पळू नकोस," दाभण म्हणाली. "पड. माझ्याजवळ पड."

 लेक गादीकडे बघत राहिली, आणि एक पाऊल आत टाकते की काय असं वाटलं. मग तिनं चौकट सोडली.

"मी नॉर्मल आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तुझ्यासारखी नाही, आई."

दार लागलं. दाभण जिना ऐकत पडली. पहिल्या वळणापर्यंत पावलं गेली आणि थांबली. मग पायरीवर बसल्याचा आवाज आला. बराच वेळ काही नाही. वरून नणंदेनं विचारलं, काय गं, बसलीस काय, चल ऊठ, नाटकं नकोत. त्यावर थोड्या वेळानं पावलं पुन्हा वाजायला लागली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, थेट खालपर्यंत.